सरांनी कोण घडवले?

गेल्या चैत्रात मारुंजी आणि आसपासच्या गावांतल्या माजी विद्यार्थ्यांची एक बैठक भरली. ज्या हायस्कुलात आम्ही शिकलो त्याचे नाव मी येथे देणार नाही. ज्यांना ते कळायचे त्यांना कळेल आणि इतरांचे त्यावाचून काही अडणार नाही. आमचे खेळाचे सर वारले त्याला वर्ष होत आले होते, आणि त्यांच्या नावाने काहीतरी भव्य करावे असे सर्वांच्या मनाने घेतले होते. शाळेच्या फाटकावर कमान, एक स्मरणिका आणि दिवाळीनंतर 'कृतज्ञता सोहळा', असा बेत ठरला. मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. एक अपवाद सोडल्यास त्या गावात कुणी वाचलेल्या नाहीत, पण लिहिल्या आहेत एवढे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा स्मरणिकेतला मुख्य लेख माझ्या वाट्याला आला.

लेख लिहून दिला. आठ दिवसांनी समितीचे अध्यक्ष घरी आले. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले आणि मग म्हणाले, "मास्तर, लेख झ्याक झालाय. पण एक राहिलं बघा. सरांनी घडवलं कोण, ते कुठंच येत नाही. पाच-दहा नावं टाका की! यादी पाहिजे."

मी आठवू लागलो. सर त्या शाळेत २८ वर्षे होते. एवढ्या काळात राज्य पातळीवर खेळलेला मुलगा एक. तोही गुडघा दुखावून परत आला, आणि आज पाण्याचा टँकर चालवतो. मी ते नाव सांगितले. अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "ते नको."

यादी देता आली नाही म्हणून लेख मागे पडला. तो मी येथे छापून घेत नाही. त्या एका प्रश्नाचे उत्तर तेवढे द्यायचे आहे. कारण तो प्रश्न एकट्या आमच्या अध्यक्षांचा नाही. सबंध महाराष्ट्र आपल्या खेळाच्या मास्तरांना हाच प्रश्न विचारीत आला आहे, आणि उत्तरात एखादे मोठे नाव ऐकू आले नाही तर त्या मास्तरांना विसरून जाण्याची त्याला मुभा मिळते.

आधी आमच्या सरांचे सांगतो. मी शाळेत होतो ती वर्षे १९९० नंतरची. हिंजवडीला तेव्हा काचेच्या इमारती नव्हत्या आणि मारुंजीत पावसाळाभर भात उभे असे. शाळेला स्वतःचे मैदान नव्हते. भाताची कापणी झाली की शाळेमागच्या शेतकऱ्याची परवानगी काढून सर दोन खाचरांमधला बांध काढून टाकीत, मुलांना घेऊन ढेकळे फोडीत, पाणी मारून जमीन चोपीत आणि फक्कीच्या रेषा ओढीत. मृगाच्या आधी बांध होता तसा घालून द्यायचा, असा करार होता. तो कुठे कागदावर नव्हता, पण दर वर्षी वैशाखात सर स्वतः फावडे घेऊन बांध घालताना मी पाहिले आहेत. त्या कबड्डीच्या मैदानाचे आयुष्य असे वर्षाला सहा महिन्यांचे होते.

पहाटे साडेपाचला शिट्टी व्हायची. जो आला नाही त्याच्या घरी सर सायकलने जात. का आला नाही ते पाहायला जात, रागवायला नव्हे. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असे, कुणाला दुधाची किटली डेअरीवर पोचवायची असे. त्याप्रमाणे त्या पोराची वेळ बदलली जाई. पौडला तालुक्याच्या स्पर्धा असल्या म्हणजे एसटीची तिकिटे सर काढीत. ते पैसे शाळेकडून त्यांना परत मिळत की नाही हे विचारण्याचे आमचे वय नव्हते, आणि वय झाले तेव्हा विचारायचे राहून गेले. मुलींचा संघ काढला तेव्हा गावात कुजबुज झाली. एका मुलीचे लग्न स्पर्धेच्या आठवड्यात धरले होते. सर तिच्या घरी जाऊन बसले, तीन दिवस बसले, आणि लग्न वर्षभर पुढे गेले. त्या वर्षात ती मॅट्रिक झाली. आज ती एसटीत वाहक आहे. तिने जिल्ह्याचा सामनासुद्धा खेळलेला नाही. यादीत ती कुठून येणार?

मी स्वतः काटकुळा, दम्याचा. चढाईला गेलो की मध्यरेषा ओलांडताच माझा दम संपायचा. दुसऱ्या कुणी मला घरी पाठवले असते. सरांनी माझ्या हातात वही दिली. चढाई कुणाची, पकड कुणाची, गुण किती, लोण केव्हा चढले, सगळे टिपायचे. आणि रात्री सामन्यावर एक पान लिहून सकाळी दाखवायचे. 'जोरदार', 'थरारक' असले शब्द आले की ते तांबड्या पेन्सिलीने काट मारीत. "जोरदार म्हणजे काय? डावा पाय धरला की उजवा, ते लिही." मराठीच्या तासाला मला निबंधात अलंकार घालायला शिकवले होते, ते काढायला खेळाच्या तासाला शिकलो. पुढे मी मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. आज एका लहानशा खासगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो, आणि रात्री लिहायला बसलो की तो डावा-उजवा पाय अजून आठवतो.

आता कुणी म्हणेल, ही एका खेड्यातल्या मास्तरांची गोष्ट झाली. मोठ्या माणसांचे तसे होत नाही. मोठ्या माणसाचेच उदाहरण घेऊ. रमाकांत आचरेकरांहून मोठा गुरू महाराष्ट्राच्या क्रीडाक्षेत्राने माझ्या पिढीत पाहिला नाही. १९३२ चा जन्म, नोकरी स्टेट बँकेत. पहिल्या दर्जाचा सामना आयुष्यात एकच खेळले, १९६३-६४ साली मोईन-उद-दौला स्पर्धेत. पेशाने ते शिक्षक नव्हते, आणि तरी दादरच्या शारदाश्रम शाळेचे नाव घेतले की पहिले आठवतात ते तेच. शिवाजी पार्कच्या मातीवर त्यांनी कामत मेमोरियल क्लब चालवला. एका मैदानावरचा सामना संपला की मुलाला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत, कारण त्या दिवशी त्या मुलाला आणखी एक डाव खेळायला मिळायला हवा असे. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करणाऱ्याला ते मिळे, कुणी बाद करू शकला नाही तर फलंदाजाला. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. अंत्ययात्रेत शासकीय इतमाम नव्हता, त्यावरून चार दिवस वाद झाला, आणि निरोप पोचण्यात गफलत झाली, असे सरकारपक्षाकडून सांगण्यात आले. पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कात त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

एवढे सगळे झाले, आणि तरीही महाराष्ट्र त्यांना कशाने ओळखतो? 'सचिनचे गुरू'. संपले. जणू त्या माणसाने जन्मभर एकाच मुलाला चेंडू टाकले! अनावरणाच्या दिवशीसुद्धा लोकांनी स्मारकाकडे पाहिले नाही. तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांच्या भेटीची चित्रफीत पाहिली, आणि घराघरांत न्यायाधीश बसले. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक कुठे गेला आणि एक कुठे राहिला, यावर ज्याने त्याने आपापल्या पोराला प्रवचन दिले. ज्याने लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतके काढली आणि ज्याची १७ कसोट्यांतली सरासरी ५४ च्या वर आहे, तो मनुष्य आमच्या लोकांना 'वाया गेलेला' वाटतो. गुरूच्या स्मारकापाशी उभे राहून शिष्याचा हिशेब काढणारा हा समाज मला सहन होत नाही.

फेब्रुवारी १९८८ मधल्या हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्याची कथा शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे. शारदाश्रमची दोन मुले, भागीदारी ६६४ धावांची. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. पण त्या डावात पॅड बांधून तिसरा एक मुलगा बसला होता. पुढचा फलंदाज तो. त्याची पाळी आलीच नाही. अमोल मुझुमदार त्याचे नाव. पुढे १९९३-९४ च्या मोसमात त्याने रणजीतल्या पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या, पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११,००० च्या वर धावा केल्या, मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, आणि भारताकडून एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. १९८८ पासून २०२५ पर्यंत हा आचरेकरांचा शिष्य आमच्या यादीत कुठे होता? तळटिपेत होता, 'बिचारा' म्हणून होता. मग २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघाचा प्रशिक्षक तो होता, आणि एका रात्रीत तो यादीत चढला. मला त्याचा आनंद आहे. पण समजा तो अंतिम सामना मुली हरल्या असत्या, तर? आचरेकरांनी त्याला जे शिकवले ते तेवढ्याने कमी ठरले असते काय? पॅड बांधून दिवस दिवस बसायचे, दुसऱ्याच्या धावा मोजायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यायचे, हे ज्या गुरूच्या हाताखाली मुलाच्या अंगी मुरते, त्याचे मोठेपण कुणाच्या विजयावर का टांगून ठेवावे?

आचरेकरांची आणखी एक गोष्ट फार सांगितली जाते, ती थपडेची. स्वतःचा सामना सोडून छोटा सचिन आपल्याच शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना पाहायला गेला. सर तिथे भेटले, त्यांनी थप्पड दिली आणि बजावले की दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ. तेंडुलकरांनीच ही आठवण सांगितली आहे. आमचे लोक ती ऐकतात आणि माना डोलावतात : "तसे मास्तर आता राहिले नाहीत, म्हणून पोरे बिघडली." थप्पड काय, कुणालाही मारता येते. मी शिक्षक आहे, वर्गात हात उचलणाऱ्यांना जवळून पाहिले आहे, आणि त्यांच्या हातून कोणी घडलेला मला दिसलेला नाही. त्या गोष्टीत मला दिसते ते वेगळेच. शेकडो मुले हाताखाली असताना त्या दिवशी, त्या वेळी, हा एक मुलगा कुठे असायला हवा होता हे त्या माणसाला ठाऊक होते. आमचे सर साडेपाचच्या शिट्टीनंतर सायकलवर बसत, ते ह्याच कारणासाठी.

या बाबतीत आम्ही लिहिणारेही निर्दोष नाही, आणि त्यांत मी पहिला. मराठीत शिक्षकावर थोडे का लिहिले गेले आहे? पु. ल. देशपांड्यांच्या चितळे मास्तरांवर महाराष्ट्राने जीव लावला, आणि तो योग्यच. पण खेळाचा मास्तर आमच्या कथा-कादंबऱ्यांत येतो तो हसवायला. गळ्यात शिट्टी, सुटलेले पोट, 'साव-धान' म्हणताना ताणलेला आवाज, आणि गणिताचे मास्तर रजेवर असले की त्यांच्या वर्गावर नेमलेला बदली मनुष्य. माझ्या दुसऱ्या कादंबरीत असाच एक ड्रिल मास्तर आहे. वाचणारे हसतात. ती कादंबरी गावात एकाच माणसाने वाचली, तो अपवाद म्हणजे सर. पुस्तक परत करताना त्यांनी एवढेच विचारले, "पोट सुटलेलं का रे दाखवलंस?" मी काहीतरी बोललो. अलंकार काढायला ज्यांनी शिकवले, त्यांच्याच अंगावर मी एक स्वस्त अलंकार चढवला होता. या लेखात मी जो आवाज चढवतो आहे त्यात ही खंतही मिसळलेली आहे, हे वाचकांपासून लपवत नाही.

मोठ्या नावांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पदक नसेल तर लोक खेळाकडे वळणार नाहीत. एक सचिन झाला म्हणून हजार पोरे मैदानावर आली. आणि गुरूचे नाव शिष्यामुळे चार लोकांना कळले तर त्यात वाईट काय? ठीक. पण मग खाशाबा जाधवांचे काय झाले ते पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ साली हेलसिंकीला त्याने ब्राँझ पदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे केले. पदक यायच्या आधी ठेवले, हे लक्षात घ्या. यादीत नाव नसलेल्या पोरावर एका शिक्षकाने घर लावले. पदक आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग देश विसरला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, खाशाबा जाऊन १६ वर्षे झाल्यावर. पदकाने देशाची आठवण टिकते म्हणतात, ती एवढीच टिकते. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात. खर्डेकरांचे नाव त्या भाषणांत किती वेळा येते ते ऐकत जावे.

आणि ज्या शाळांत ही भाषणे होतात त्या शाळांचे काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तीत शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना, पटावर शंभरहून अधिक मुले असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी कोण असावे? 'अंशकालीन निदेशक'. शिक्षक हा शब्दसुद्धा नाही! गणिताला शिक्षक, भाषेला शिक्षक, आणि ज्या शरीरात बसून मूल ते गणित आणि ती भाषा शिकते त्या शरीराला अर्ध्या वेळेचा निदेशक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय यांत भिंत नको असे सुंदर वाक्य आहे. वाक्य चांगले आहे. पण वाक्याने शिट्टी वाजत नाही.

आमच्या सरांची जागा ते निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे. त्यांचा तास वेळापत्रकात आहे. त्या तासाला राहिलेला 'पोर्शन' पुरा करतात. ज्या खाचरांवर आम्ही खेळलो तिथे आज बारा मजली इमारत आहे. उन्हाळ्यात तिला पाणी कमी पडते, आणि ज्या टँकरवाल्याला बोलावतात तो म्हणजे सरांचा तो एकुलता एक राज्य खेळाडू. शेतकऱ्याने जमीन विकली यात त्याला मी दोष देत नाही. शेतीत काय उरते ते मला माहीत आहे. पलीकडे, नदी ओलांडली की, बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले. ते पाहून छाती भरून येते. पण पहाटे साडेपाचला दुधाची किटली घेऊन निघालेल्या पोराने तिथे कसे पोचायचे? इकडे हिंजवडीत हिरव्या गालिच्याची मैदाने तासाच्या भाड्याने मिळतात. पोरे पैसे गोळा करून रात्री खेळतात, तास संपला की दिवे जातात. चांगली खेळतात. फक्त त्यांतले कोण आले नाही, आणि का आले नाही, हे विचारायला तिथे कुणी नसते.

समितीच्या दुसऱ्या बैठकीत मी हे बोललो. कमानीला जेवढा खर्च येणार तेवढ्यात एका माणसाचे काही वर्षांचे मानधन निघेल, रोज संध्याकाळी दोन तास शिट्टी वाजेल. आणि रिकामी जागा भरावी म्हणून आपण सगळे मिळून सही करून अर्ज देऊ, असे सुचवले. "ते सरकारचं काम, मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "आपण आपलं काम करू." बाकीच्यांनी माना हलवल्या. अध्यक्ष वाईट गृहस्थ नाहीत. सरांनी त्यांना डाव्या कोपऱ्यात खेळवले होते, आणि त्यांच्या वडिलांनी शाळा सोडायला लावली तेव्हा सर त्यांच्याही घरी जाऊन बसले होते. हे त्यांना आठवते. पण ते स्वतःलाही यादीत धरीत नाहीत, याला मी काय करू?

सरांच्या गुणवह्या त्यांच्या घरच्यांनी मला दिल्या आहेत. एकूण १९ वह्या. काही अक्षर माझे आहे, बाकी माझ्या आधीच्या आणि नंतरच्या पोरांचे. म्हणजे दर वर्षी कुणीतरी एक दमेकरी असेच. शेवटच्या पानांवर सरांच्या हातची नोंद असते. त्यात गुण नाहीत. अमुक याची आई पडली, सकाळी सूट. तमुक हिची फी भरली, घरी सांगू नये. अध्यक्षांचेही नाव एका वहीत आहे.

समितीची पुढची बैठक कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी आहे. वह्या घेऊन मी जाणार आहे.